दुधाचा खाडा

पहिला खर्डा पूर्ण झाला तेव्हा तो मी वाचायला दिला सासूबाईंना. दुसरं कोणी हाताशी नव्हतं, आणि त्या कुणाचं मन राखायला म्हणून गोड बोलत नाहीत. दोनशे चाळीस पानं, ऑफिसच्या प्रिंटरवर शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर पाठपोट काढलेली. (कागद माझा होता, शाई कंपनीची. मालकांनी हे वाचलं तर वाचलं.) सासूबाईंनी आठ दिवसांत सगळं संपवलं, चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "अगं, ह्या तुझ्या कुलकर्णीबाई काही खातात-पितात की नाही?"

"म्हणजे काय आई?"

"दोनशे पानांत बाई एकदा बाजारात गेली नाही. गॅस संपला नाही. कामवालीनं दांडी मारली नाही. नुसती खिडकीत बसून पारिजातकाकडे बघते. मला तरी अशी बाई माहीत नाही."

मला राग आला. तो पारिजातक मी फार मन लावून लिहिला होता.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघते. बावीस वर्षं झाली. कॉलेजात कविता केल्या होत्या, नंतर जीएसटीची विवरणपत्रं. कादंबरीचं डोक्यात आलं ते २०२१ मध्ये. आमच्या नौपाड्यात तेव्हा दर दोन गल्ल्यांआड एखादी इमारत पुनर्विकासासाठी पत्र्यांच्या आड गेलेली दिसायची. तीन मजले, लिफ्ट नाही, जिन्यात कुणाची तरी गंजकी सायकल, गच्चीवर वाळवणाच्या दोऱ्या, आणि एक दिवस बघावं तर फक्त पत्रे आणि त्यावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र. म्हटलं, आपल्यासमोर हे सगळं घडतंय, लिहू या. सोळा बिऱ्हाडांची सोसायटी, एक बिल्डर, एक खडूस सेक्रेटरी, आणि सही न करणाऱ्या कुलकर्णीबाई. नवऱ्याच्या आठवणी त्या घरात, म्हणून त्या सही करत नाहीत. झालं कथानक.

पात्रं कशी उभी करायची याची तयारी मी अगदी पद्धतशीर केली होती. इंटरनेटवर मिळतात तसे साठ-साठ प्रश्नांचे तक्ते: जन्मतारीख, उंची, आवडता रंग, लहानपणची भीती, सगळ्यात मोठं गुपित. मी नऊ पात्रांचे तक्ते एक्सेलमध्ये भरले, प्रत्येकाला वेगळी शीट. कुलकर्णीबाईंचा आवडता रंग मोरपंखी. अख्ख्या कादंबरीत त्या मोरपंखी रंगावाचून कुणाचं काहीही अडलं नाही. तक्त्यात सगळं भरलेलं आणि पानावर बाई पुठ्ठ्याची.

इ. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ सालच्या व्याख्यानांमध्ये पात्रांची सपाट आणि गोलाकार अशी विभागणी केली होती. वाचकाला पटेल अशा रीतीनं चकित करू शकतं ते गोलाकार पात्र, ही त्यांची कसोटी. मी ती वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून ठेवली होती. पण 'चकित करा' असं ठरवून लिहायला बसलं की पात्रं सर्कशीत आल्यासारखी वागायला लागतात. माझ्या सेक्रेटरीनं एका प्रकरणात अचानक बासरी वाजवली. का वाजवली ते मलाही ठाऊक नव्हतं.

सासूबाईंच्या पाठोपाठ दुसरा दणका ऑफिसात बसला. आमच्या डिस्पॅचमधले एक जण त्यांच्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत. डबा खाताना मी त्यांना कथानक सांगितलं, तर ते म्हणाले, "ताई, एका बाईनं अडवून काय होतंय? २०१९ च्या जीआरनंतर ५१ टक्के पुरतात." खरंच होतं. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ ला जो शासन निर्णय निघाला, त्यानुसार पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. सोळा घरांत नऊ जण झाले की ठराव पास. माझी कुलकर्णीबाई खिडकीत बसून राहिली असती आणि बाकीच्यांनी ठराव करून टाकला असता. अडीच वर्षं मी ज्या खुंटीवर कादंबरी टांगली होती, ती खुंटी भिंतीत नव्हतीच.

दोन महिने मी काही लिहिलं नाही. मार्च होता, इयर एंडिंग; ते बरं निमित्त झालं.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एका खिळ्याला कालनिर्णय आणि त्याच खिळ्याला दोरीनं अडकवलेली सासूबाईंची जमाखर्चाची वही असते. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या हिशेब लिहितात. वह्या बदलल्या, खिळा तोच. कालनिर्णयवर दुधाचे खाडे. ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या चौकोनात, एकादशीच्या शेजारी, एक छोटी फुली. महिन्याच्या शेवटी फुल्या मोजायच्या आणि दूधवाल्याच्या बिलातून तेवढे दिवस वजा. एप्रिलमधल्या एका रात्री मी ती वही चाळत उभी होते. फुलपुडी. इस्त्री. रिक्षा, जांभळी नाका. तूरडाळ. औषधं. आणि दर महिन्याच्या शेवटी एक ओळ: किरकोळ. कधी दोनशे, कधी साडेआठशे.

किरकोळ म्हणजे काय हे अकाउंट्सवाल्याला सांगावं लागत नाही. ज्याचं व्हाउचर देता येत नाही किंवा द्यायचं नसतं, ते किरकोळ. आणि ताळा जुळतच नसेल तर फरक टाकायला आमच्याकडे एक खातंच असतं, सस्पेन्स खातं. ऑडिटर आला की सगळ्यात आधी हात घालतो तो तिथे.

त्या रात्री मी कुलकर्णीबाईंचा एक महिन्याचा खर्च लिहायला घेतला. वय अडुसष्ट, जिल्हा परिषदेतून निवृत्त, एकटी बाई. पेन्शन इतकी. मेंटेनन्स, वीज, गॅस, कामवाली, फुलपुडी, बीपीच्या गोळ्या, दूध रोज एक लिटर, असं लिहीत खाली आले, बेरीज केली, आणि दुधाचं बिल डोळ्यांत खुपलं. एक लिटर? एकट्या बाईला? हात सवयीनं आमच्या घरचा आकडा लिहून गेला होता. खोडायला पेन टेकवलं आणि थांबले. ऑफिसात मी अशी चूक सापडली की आधी विचारते, हे असं का लागलंय? कधी कधी ती चूक नसतेच.

मग बाईंनाच विचारलं. एकट्या आहात, एक लिटर कशाला?

उत्तर यायला तीन-चार दिवस लागले. शेअरिंग रिक्षात, कॅडबरी जंक्शनच्या सिग्नलला. बाईंनी दूध कमी केलंच नाही, कारण कमी केलं असतं तर दूधवाल्यानं विचारलं असतं. मुलगा पुण्याला गेला तेव्हा 'येऊन-जाऊन असतो' म्हणून तेवढंच ठेवलं. मग मुलाशी बोलणं तुटलं. आता अर्धा लिटर करायचं म्हणजे दूधवाल्याला, त्याच्याकडून तळमजल्याला आणि तळमजल्याकडून सगळ्या जिन्याला कळणार की मंदार येत नाही. सहा वर्षं रोज दोन पिशव्या. एकही खाडा नाही. बहिणीच्या दिवसांना नाशिकला गेल्या, तेव्हासुद्धा शेजारी सांगून गेल्या की पिशव्या तुम्ही घ्या, बंद करू नका.

उरलेल्या अर्ध्या लिटरचं काय? दही. बाई रोज विरजण लावतात आणि वाटी-वाटी सगळ्यांना देतात. अख्खी बिल्डिंग म्हणते, कुलकर्णीबाईंचा हात मोठा. सेक्रेटरीच्या घरी तर त्यांचं दही नसेल तर जेवण होत नाही.

मी रिक्षातून दोन स्टॉप पुढे गेले आणि चालत मागे आले.

आणि आता ती मोडलेली खुंटीही जागेवर बसली. बाईंचा पुनर्विकासाला विरोधच नव्हता. सभेत हात वर करणाऱ्यांत पहिला हात त्यांचा. पण सभेतला ठराव वेगळा आणि नव्या घराचा ज्याचा-त्याचा करार वेगळा. त्या करारावर घराच्या सगळ्या मालकांच्या सह्या लागतात. नवरा गेल्यावर घर दोघांच्या नावावर झालं होतं, आई आणि मंदार. करार करायचा तर मंदारला फोन करावा लागणार. म्हणून बाई आज पाय दुखतोय, उद्या अमावास्या आहे, परवा चष्मा सापडत नाही असं करत सात महिने काढतात. पंधरा घरं रिकामी व्हायला तयार, मुलांच्या शाळेजवळ भाड्याची घरं बघून ठेवलेली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दही लावतायत. खिडकीतला पारिजातक मी त्याच रात्री कापला. साडेअकरा पानं गेली.

मायलेकांत काय बिनसलं, यावर मात्र मी बरेच दिवस घालवले. आधी मोठमोठी कारणं सुचली, आंतरजातीय लग्न, पैशांची अफरातफर वगैरे. सगळी सिरियलमधली. शेवटी फार लहान ठरलं. वडिलांच्या श्राद्धाला त्याला सुट्टी मिळाली नाही, त्यानं फोन केला, बाई फोनवर एक वाक्य बोलल्या आणि त्यानं फोन ठेवला. ते वाक्य मी कादंबरीत लिहिलेलं नाही. मला माहीत आहे. माहीत नसतं तर पुढचं लिहिता आलं नसतं, हे नक्की.

बाईंचा आवाजही तिथूनच सापडला. पहिल्या खर्ड्यात सगळी पात्रं माझ्यासारखी बोलत होती, पूर्ण वाक्यांत, मुद्देसूद. आता बाई एकट्या असून 'आमच्याकडे' म्हणतात. "आमच्याकडे पोळ्या मऊच लागतात." "आम्ही रात्री भात नाही करत." कुणाकडे, कोण आम्ही, हे विचारायचं कुणाला सुचत नाही, कारण मराठीत तसं सगळेच म्हणतात. बाई त्या अनेकवचनाच्या आड राहतात. ही एक गोष्ट हाती आल्यावर त्यांचे संवाद मला शोधावे लागले नाहीत.

मग मी सगळ्यांच्याच वह्या लिहायला काढल्या. एकेकाचा एक महिना, शेवटी किरकोळ.

सेक्रेटरीची वही लिहिताना माझा अंदाज असा की कुठेतरी बिल्डरचं पाकीट दिसणार. मी त्याला खलनायक म्हणूनच घेतला होता. वागळेतल्या एका बंद पडलेल्या कंपनीतला फोरमन, आवाज मोठा, नोटीस लावली की खाली तीन वेळा सही. पण वहीत पाकीट बसेना. त्याच्या राहणीत ते कुठे दिसत नव्हतं. दिसत होतं ते झेरॉक्स. साठ रुपये, एकशे वीस, चाळीस. कोर्ट नाक्याला जायची रिक्षा. वकिलाला पाजलेला चहा. सगळं स्वतःच्या खिशातून. सोसायटीकडे एक व्हाउचर नाही. बायको म्हणते, अहो लावा ना बिल, हक्काचे आहेत. तो लावत नाही. त्याला वार्षिक सभेत उभं राहून म्हणायचं असतं, "ह्या सोसायटीचा एक रुपया मी घेतलेला नाही." ते एक वाक्य म्हणता यावं म्हणून तो वर्षभर स्वतःचे पैसे घालतो, आणि वर्षभर सगळ्यांवर खेकसतो. मला हा माणूस एकदम ओळखीचा वाटला. बासरी अर्थातच काढली.

सगळ्यांचं असं जमलं नाही. पहिल्या मजल्यावर सायली नावाची एक मुलगी होती, आर्किटेक्चर शिकणारी, जुन्या इमारतींवर प्रेम वगैरे. तिची वही तीनदा लिहिली. तिच्या खर्चात कॉफी, मेट्रोचं काम बघायला घोडबंदरपर्यंतचं पेट्रोल आणि एक चांदीचं कानातलं यापलीकडे काही निघेना. तिच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं, कारण ती माझी मतं बोलायला ठेवलेली होती. तिला काढून टाकलं. तिची दोन बरी वाक्यं दूधवाल्याला दिली, त्याच्या तोंडी जास्त शोभली.

सगळ्यात जास्त घाम फोडला तो नेहानं. नेहा म्हणजे निवेदक. दुसऱ्या मजल्यावरची, बँकेत काम करणारी, समजूतदार. म्हणजे मीच, दहा किलोंनी कमी. तिची वही पहिल्या झटक्यात पैशाला पैसा जुळली. किरकोळ शून्य. बावीस वर्षांत मी अशी वही एकदाच पाहिली आहे, आणि ती आदल्या रात्री बसून तयार केलेली होती.

नेहा काय लपवते? मी काय लपवते, हा खरा प्रश्न होता आणि तो मी आठ दिवस टाळला. गच्ची झाडली, माळा आवरला. मग लिहिलं. महिन्यातून तीन-चार वेळा मी घरी फोन करते, "आज क्लोजिंग आहे, उशीर होईल," आणि मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसते. १८९३ सालची संस्था. तिथे माझ्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. कधी लिहिते. पुष्कळदा नुसती बसते, समोर मासिक उघडं ठेवून. घरी सांगितलं असतं तर कुणीही 'जाऊ नको' म्हटलं नसतं. तरी सांगितलं नव्हतं. सांगितलं की ती वेळ सगळ्यांच्या सोयीनं ठरणार, 'आज नको, उद्या जा, पाहुणे आहेत' असं होणार. तो दीड तास कुणाच्या परवानगीचा नको होता.

हे नेहाला देताना हात थरथरला, खोटं कशाला सांगू. दिलं मात्र आणि नेहा चिडायला लागली, टाळाटाळ करायला लागली. सगळ्यांना समजून घेणारी नेहा कुलकर्णीबाईंच्या दुधाचं गुपित ओळखते आणि कुणालाही सांगत नाही. यात समजूतदारपणा फारसा नाही. एक लपवणारी बाई दुसरीला ओळखते, एवढंच.

शेवट मी आधीच ठरवून ठेवला होता. मंदार परत येतो, ठाणे स्टेशनवर, फलाट दोन, पाऊस, आई छत्री घेऊन उभी. हे प्रकरण लिहायला मला दहा दिवस लागले आणि ते वाचताना मला स्वतःलाच कसंतरी झालं. सहा वर्षं दूधवाल्याला कळू न देणारी बाई फलाटावर चारचौघांत रडेल? स्टेशनवर तिला तळमजल्यावरचं कुणी भेटलं तर? तिनं त्या प्रकरणात पाय ठेवायला साफ नकार दिला. वकिलाला विचारलं तेव्हा कळलं की मुलानं यायलाच हवं असं नाही. तो पुण्यातच निबंधकाच्या कार्यालयात जाऊन आईच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देऊ शकतो, मग आई त्याच्या वतीनं सही करेल.

म्हणून आता सेक्रेटरी पुण्याला जातो. पहाटे वंदना टॉकीजपाशी उभा राहून एसटी पकडतो, पिशवीत कागद आणि बायकोनं दिलेला पोळीभाजीचा डबा. काय बोलणं झालं ते कादंबरीत नाही; तो रात्री परत येतो, बाईंच्या दाराशी पाकीट देतो आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलतो. तिकिटाचं बिल कुठेच लागत नाही. चार दिवसांनी बाई करारावर सही करतात. एकाच पानावर दोन सह्या, एक स्वतःची, एक मंदारतर्फे. दोन्ही त्यांच्याच अक्षरात. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला दारातच सांगतात, "उद्यापासून अर्धाच." तो "बरं" म्हणतो आणि जिना उतरतो. दुपारी सेक्रेटरी जेवायला बसतो तर पानात दही नाही. त्याची बायको काही बोलत नाही, तोही विचारत नाही.

हे मला सुचलं असं मी म्हणणार नाही. वह्यांची बेरीज तिथे येत होती.

दुसरा खर्डा पुन्हा सासूबाईंकडे गेला. ह्या वेळी पाच दिवसांत. चष्मा काढला नाही. "रोज अर्ध्या लिटरचं दही सोळा घरांत वाटी-वाटी जाणार नाही," म्हणाल्या. "आलटून-पालटून दिलं असेल. तसं लिही." मी तसं लिहिलं. मग बराच वेळ शेवटची पानं मागे-पुढे करत बसल्या आणि म्हणाल्या, "ती नेहा. ती क्लोजिंग आहे म्हणून सांगते ना घरी?"

"हो."

"हं," म्हणाल्या आणि भाजी निवडायला घेतली.

कादंबरी एका प्रकाशकांकडे आहे. सात महिने झाले, उत्तर नाही. मी अजून अधूनमधून 'क्लोजिंग आहे' म्हणून फोन करते. पलीकडून सासूबाई "बरं" म्हणतात, पूर्वीपेक्षा जरा लवकर. खिळ्याला आता नुसतं कालनिर्णय आहे. वही त्यांच्या कपाटात असते, आणि किल्ली कमरेला.